पंचनाम्याच्या कागदावर आपला धंदा कुठे असतो?

मी पोशीरहून बोलतेय. कुणाच्या आवण्या उरकल्या असतील, कुणाच्या अजून चालू असतील. बाहेर पावसाचा आवाज आहे, तेव्हा रेडिओ जरा मोठा करा. आज बोलायचंय तेही पावसाबद्दलच. पूर ओसरल्यावर सरकारकडून मदत येते. ती कुणाला मिळते, कधीपासून मिळते, आणि घरात बसून पापड-मसाले करणाऱ्या बाईचा धंदा त्यात कुठे बसतो, हे आज बघू.

सुरुवात आमच्याच गोष्टीपासून करते.

जुलै 2021. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. आमच्या एका गटाचा माल तेव्हा काकींच्या घरी ठेवलेला होता. गटातली सगळ्यात मोठी बाई म्हणून सगळ्या त्यांना काकीच म्हणतात. त्यांचं घर नदीच्या बाजूला, उताराला. एप्रिल-मेच्या उन्हात वाळवलेले तांदळाचे आणि नाचणीचे पापड, डबे भरून आगरी मसाला, आणि बँकेच्या कर्जातून घेतलेली मसाला दळायची छोटी गिरणी, एवढं तिथं होतं. श्रावणात आणि गणपतीत ते सगळं विकायचं होतं. पहाटे पाणी उंबऱ्याला लागलं. काकींनी आधी नातवाला उचललं, मग गाईचं दावं सोडलं. माल उचलायला हात उरले नाहीत. दुपारपर्यंत पाणी ओसरलं आणि घरात मसाल्याचा लाल चिखल राहिला.

तीन-चार दिवसांनी पंचनाम्याला माणसं आली. नीट बोलली, कुणी उर्मटपणा केला नाही. भिंतीवरची पाण्याची खूण बघितली, भांडी-कपडे लिहून घेतले. मग मी गिरणी दाखवली, डबे दाखवले.

"ताई, हे दुकान आहे का?"

"नाही, घर आहे."

"कुठली नोंदणी, परवाना?"

"नाही."

"माल किती होता, कुठं लिहिलेलं आहे?"

इथं माझी मान खाली गेली. साठ्याची वही होती, पण मे महिन्यानंतर मी तिच्यात एक ओळही लिहिली नव्हती. राब, पेरणी, आवणी या धांदलीत राहून गेलं. आणि ती वही कुठं होती? त्याच घरात, त्याच फळीवर, ओली चिंब. गटांची समन्वयक मी, दुसऱ्यांना वह्या लिहायला शिकवणारी मी.

काकींना घराचे, म्हणजे भांडी आणि कपड्यांचे पैसे मिळाले. गटाच्या मालाचं काही मिळालं नाही. तेव्हा मला सरकारचा राग आला, स्वतःचाही आला. पण राग शांत झाल्यावर प्रश्न पडला की त्या कागदावर घराची ओळ आहे, शेताची आहे, दुकानाची आहे, मग आपल्या धंद्याची का नाही? या ओळी कुणी आखल्या? शोधायला लागले तर गोष्ट इंग्रजांच्या काळापर्यंत गेली.

तगाईचा काळ

आपल्या पणज्यांच्या तोंडी "तगाई" हा शब्द असायचा. सरकार शेतकऱ्याला अडचणीत जे कर्ज द्यायचं ती तगाई. इंग्रजांनी त्याचे दोन कायदे केले. 1883 चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा विहीर, बांध, ताली अशा कामांसाठी होता. 1884 चा शेतकरी कर्जाचा कायदा बियाणं आणि बैल घेण्यासाठी होता. पुरात बांध फुटला, बैल वाहून गेला, तर तगाई मागता यायची. ते फुकट मिळत नव्हतं, फेडावं लागायचं. पण सावकारापेक्षा बरं.

सरकारला शेताचीच काळजी का? कारण सरकारचं उत्पन्न शेतसाऱ्यातून यायचं. शेत पडीक राहिलं तर सारा बुडेल. म्हणून मदतीचं दप्तर महसुलाच्या माणसांकडे गेलं आणि सातबारा हाच मदतीचा आधार झाला. गावातला कुंभार, शिंपी, कासार, बाजारात सुकी मासळी विकणारी बाई यांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. पुरात त्यांचंही जायचं, पण सरकारच्या हिशेबात ते नुकसान धरलं जात नव्हतं.

हे जुनं झालं म्हणू नका. आजही पुराचा पंचनामा करायला पहिल्यांदा येतात ते महसुलाचेच कर्मचारी, आपले तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी दप्तर जिथं ठेवलं गेलं तिथंच ते राहिलं आहे.

पानशेतचा पूर

महाराष्ट्र राज्य झालं 1 मे 1960 ला. पुढच्याच वर्षी, 12 जुलै 1961 ला, पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं. धरणाचं काम तेव्हा पुरतं झालेलंही नव्हतं. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासला धरणही फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरलं. नदीकाठचे वाडे पडले, दुकानं गेली, हजारो माणसं एका दिवसात उघड्यावर आली.

यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचं काम त्यांनी स. गो. बर्वे या अनुभवी अधिकाऱ्याकडे सोपवलं. बर्वे आधी पुणे महापालिकेचे आयुक्त राहिलेले होते. लोकांसाठी अर्धगोल पत्र्याची घरं उभी राहिली. त्यांना निसेन हट म्हणायचे. पुढं गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वस्त्या उभ्या राहिल्या आणि पूरग्रस्तांच्या सहकारी गृहसंस्था झाल्या.

म्हणजे शेताच्या जोडीला आता घर आलं. शहराला पूर आला, शहरात सातबारा नाही, तेव्हा सरकारला घर मोजावं लागलं. पण पेठेतलं घर म्हणजे नुसतं राहायचं ठिकाण नव्हतं. पुढच्या खोलीत दुकान, मागं चूल, वर बिऱ्हाड. कुणी विधवा बाई त्याच घरात चार विद्यार्थ्यांची खानावळ चालवायची, कुणी शिवणकाम करायची. गावापासून दूर, मोकळ्या माळावर नवं घर मिळालं, पण जेवायला येणारे विद्यार्थी आणि कपडे टाकणारी गिऱ्हाइकं पेठेतच राहिली. घर देणं आणि धंदा परत उभा करून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक गोष्ट बघा. त्या गृहसंस्थांच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न पुढं कित्येक दशकं लोंबकळत राहिला. ज्यांनी कागद जपून ठेवले त्यांची नातवंडं ते कागद घेऊन भांडत राहिली. पुराच्या मदतीत कागद किती वर्षं कामाला येतो, ते यातून समजतं.

जांभूळपाडा आणि 26 जुलै

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. 1989 च्या जुलैची 24 तारीख सुधागडातली माणसं विसरणार नाहीत. अंबा नदीला एका रात्रीत पाणी चढलं आणि जांभूळपाडा गाव उद्ध्वस्त झालं. माणसं गेली, गुरं गेली, घरं गेली. आमच्या घरातल्या मोठ्या बायका अजूनही जास्त पाऊस लागला की "जांभूळपाड्यासारखं नको व्हायला" असं म्हणतात.

त्या वेळी गावात बचत गट नव्हते. नाबार्डनं गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला तो 1992 ला, आणि तोही देशभरात पाचशे गटांपासून. म्हणजे 1989 ला बाईनं चार पैशांचा धंदा केला, तरी तो तिच्या एकटीचा, पदराच्या गाठीतला. तो वाहून गेला तर कुणाला सांगणार? तिच्या नावाचं बँकेचं पुस्तक नव्हतं. सरकारी कागदावर कष्टकरी बाईचं नाव यायचं ते बहुतेक रोजगार हमीच्या हजेरीपटावर. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी सुरू केली, तेव्हा खडी फोडणाऱ्या बायकांची नावं मस्टरवर चढली. मजूर म्हणून बाई मोजली गेली. धंदा करणारी म्हणून मोजली जायला अजून बराच वेळ होता.

मग 26 जुलै 2005. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच पावसात आपल्या रायगडात महाडकडच्या दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण या गावांवर डोंगर कोसळले. आणि आपल्या शेजारी नेरळ-माथेरानची छोटी गाडी बंद पडली. घाटातला रूळमार्ग जागोजागी वाहून गेला होता. गाडी परत सुरू व्हायला 2007 साल उजाडलं.

माथेरान पर्यटकांवर जगतं. हॉटेलवाले, घोडेवाले, हमाल, आणि चिक्की, मध, रानमेवा विकणाऱ्या बाया. गाडी बंद म्हणजे गिऱ्हाईक कमी. कुणाच्या टोपलीत पाणी शिरलं नव्हतं, पण धंदा बसला होता. पुराच्या मदतीत भिजलेला माल मोजतात. न झालेली विक्री, रिकामे गेलेले दिवस यांची भरपाई तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. आमची गिरणी दोन महिने बंद राहिली त्याची किंमत कुठल्याही पंचनाम्यात लिहिता येत नाही.

कायदा आला, कोष्टक आलं

2005 च्या डिसेंबरमध्ये संसदेनं आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. यातलं कलम 12 लक्षात ठेवा. मदतीची किमान प्रमाणं ठरवताना विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायची, घराच्या नुकसानीला मदत द्यायची, आणि उपजीविकेची साधनं पुन्हा उभी करायला मदत द्यायची, असं त्यात म्हटलं आहे. उपजीविकेची साधनं! शेत, घर, दुकान असं काही नाव घेतलेलं नाही. पुढचं कलम 13 2025 पर्यंत सांगत होतं की मोठ्या आपत्तीत कर्जफेडीत सवलत किंवा सोप्या अटींवर नवीन कर्ज याची शिफारस करता येते. म्हणजे कायद्याच्या दारातून आपण आत जाऊ शकतो.

अडचण येते ती पुढच्या खोलीत. प्रत्यक्ष पैसे द्यायचे ते आपत्ती निवारण निधीतून. आपल्या राज्याच्या या निधीत केंद्राचे 75 टक्के आणि राज्याचे 25 टक्के असतात. हा निधी कशावर किती खर्च करायचा याचं केंद्राचं एक कोष्टक आहे. त्यात पिकं, जमीन, गुरं, घर, मासेमाऱ्यांची होडी आणि जाळी आहे. हातमाग आणि हस्तकलेचे कारागीर आहेत. त्यांची हत्यारं गेली किंवा कच्चा-पक्का माल गेला तर ठरावीक रक्कम मिळते. 2022 नंतरच्या कोष्टकात ती हत्यारांना 5 हजार आणि मालाला 5 हजार आहे. रक्कम लहान आहे, पण यात कारागिराचा अर्धा झालेला माल आणि पुरा झालेला माल दोन्ही धरलेत. आपल्या पेणचे मूर्तिकार आठवा. जुलैत त्यांच्या कारखान्यात रंगवलेल्या, न रंगवलेल्या, नुसत्या साच्यातून काढलेल्या अशा सगळ्या मूर्ती असतात. हातानं काम करणाऱ्याचा माल कसा असतो हे कुणीतरी समजून ती ओळ लिहिली असणार.

या कोष्टकात दुकान नाही. किराणा नाही, टपरी नाही, पिठाची गिरणी नाही. आणि घरातल्या भांडी-कपड्यांच्या मदतीलाही एक अट होती, की घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असलं पाहिजे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी पाणी आठवडाभर मुक्काम करतं. आपल्या उल्हास, पोशीर, चिल्हार, पाताळगंगेला सह्याद्रीचं पाणी झपकन येतं आणि काही तासांत उतरतं. पण चार तासांत मसाल्याचा चिखल व्हायला काय अडचण आहे?

दुकान आणि टपरीची ओळ

2019 चा पावसाळा. 27 जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पाण्यात अडकली. हजाराच्या वर प्रवासी होते, त्यात गरोदर बायाही होत्या. होड्या आल्या, नौदल आलं, जवळच्या चामटोलीची माणसं धावली आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. त्याच पाण्यानं नदीकाठच्या किती घरांतली शिवणयंत्रं आणि किती पिठाच्या गिरण्या बंद पाडल्या, ते काही टीव्हीवर आलं नाही.

पुढं दहा-बारा दिवसांत कोल्हापूर-सांगली बुडाली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांवर गेलं. बाजारपेठा कित्येक दिवस पाण्यात होत्या. तेव्हा व्यापारी रस्त्यावर आले, निवेदनं गेली. राज्यानं केंद्राकडे 6,813 कोटी रुपये मागितले, त्यात 300 कोटी लहान व्यावसायिकांसाठी होते. लहान व्यावसायिकाला नुकसानीच्या 75 टक्के किंवा जास्तीत जास्त 50 हजार रुपये असा दर ठरला.

22 जुलै 2021 ला महाड आणि चिपळूण बुडालं. सावित्री, गांधारी, वाशिष्ठी एकदम फुगल्या. त्याच दिवशी तळियेवर दरड पडली. चिपळूणच्या बाजारात दुकानांचा तळमजला पाण्याखाली गेला आणि गणपतीसाठी भरलेला माल चिखलात गेला. 3 ऑगस्टला राज्य सरकारनं 11,500 कोटींची मदत जाहीर केली. त्यातले 1,500 कोटी तातडीच्या मदतीचे, 3,000 कोटी पुनर्बांधणीचे आणि 7,000 कोटी पुढच्या काळात पूर-दरड अडवायच्या कामांचे होते. कुटुंबाला भांडी-कपड्यांचे मिळून 10 हजार दिले आणि दोन दिवस पाण्यात असण्याची अट सैल केली. दुकानदाराला नुकसानीच्या 75 टक्के किंवा जास्तीत जास्त 50 हजार, टपरीवाल्याला 75 टक्के किंवा जास्तीत जास्त 10 हजार. 2023 च्या पावसाळ्यातही दुकान आणि टपरीची मर्यादा हीच होती.

म्हणजे केंद्राच्या कोष्टकात नसलेली ओळ राज्यानं आपल्या तिजोरीतून आखली. ती आखली कारण व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत, त्यांची यादी आहे, त्यांच्याकडे परवाने आणि खरेदीच्या पावत्या आहेत. ते एकत्र जाऊन बोलू शकले. यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. चिपळूणच्या दुकानदाराचं लाखांत नुकसान झालं आणि 50 हजार हातात आले, त्याचंही पोट भरलं नाही. पण त्याला ओळ मिळाली.

अटी मात्र ऐका. दुकानदार स्थानिक राहणारा हवा, नाव मतदार यादीत हवं, रेशनकार्ड हवं, दुकान अधिकृत हवं आणि पंचनामा झालेला हवा. आपल्या बायकांकडे रेशनकार्ड आहे, मतदार यादीत नाव आहे. आपण अडकतो ते "अधिकृत दुकान" इथं. काकींच्या घराला फळी नाही, पाटी नाही. गिऱ्हाईक मागच्या दारानं येतं आणि "काकी, पावशेर मसाला द्या" म्हणतं. हा धंदा पंचनाम्यात शोधला तर घरात सापडत नाही, कारण तिथं भांडी-कपडेच लिहितात. दुकानात सापडत नाही, कारण पाटी नाही. कारागिरात सापडत नाही, कारण पापड हस्तकलेत धरत नाहीत. तीन ओळींच्या मधल्या फटीत तो पडतो.

केरळातल्या बायकांचं

असंच सगळीकडे असतं का? नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये केरळात मोठा महापूर आला. तिथं कुडुंबश्री नावानं 1998 पासून बायकांचे शेजारगट आहेत, आपल्या बचत गटांसारखेच. केरळ सरकारनं पूरग्रस्त कुटुंबांसाठी एक कर्ज योजना आणली, एक लाख रुपयांपर्यंत, आणि ते कर्ज याच गटांमधून द्यायचं ठरवलं. व्याज सरकारनं सोसलं, मुद्दल बाईनं फेडायचं. पैसे घरातल्या वस्तूंना वापरा किंवा धंद्याला, दोन्हीला मुभा.

हे कर्ज होतं, भरपाई नव्हती. तरी मला यात दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक, सरकारनं बाईला तिच्या गटाच्या ओळखीवर पैसे दिले, दुकानाची पाटी मागितली नाही. दोन, घर आणि धंदा एकाच छपराखाली असतो हे मान्य केलं. गट जर बँकेच्या कर्जाला पुरेशी ओळख आहे, तर पुराच्या मदतीला का नसावी? आपल्याकडे उमेद अभियान 2011 पासून आहे, माविम तर 1975 पासून. गटांची यादी सरकारच्याच हातात आहे. पूर आल्यावर ती यादी उघडून बघायची, एवढंच बाकी आहे.

आमच्या गटाचं पुढं काय झालं

काकींना 10 हजार मिळाले तेव्हा गटात कुजबुज सुरू झाली. दोघी-तिघी म्हणाल्या, माल सगळ्यांचा होता, मग पैसे एकटीला कसे? काकी बैठकीला आल्या आणि दोन हजार समोर ठेवले. बोलल्या काही नाहीत. त्यांच्या घरातली अंथरुणं अजून वाळत होती. मग आमच्यातलीच एक वहिनी म्हणाली, "कागदावर भांडी-कपडे लिहिलंय ना? मग ते काकींच्या भांड्यांचे पैसे. गटाचं नुकसान कुणी लिहिलंच नाही, ते आपण लिहू." त्या दिवशी इतिवृत्तात पहिल्यांदा आम्ही आमचं नुकसान लिहिलं. मसाला किती, पापड किती, गिरणीची मोटर किती. अकरा जणींत वाटून घेतलं. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून थोडा आधार मिळाला. बँकेचं कर्ज चौदा महिन्यांत फेडलं. दोन हजार काकींना परत दिले.

तेव्हापासून आमच्या गटात चार नियम आहेत. साठ्याची वही दर महिन्याच्या बैठकीत लिहायची आणि तिचा फोटो काढून तीन जणींच्या फोनमध्ये ठेवायचा, म्हणजे वही भिजली तरी नोंद भिजत नाही. गिरणी आणि मालाचा फोटो मे संपायच्या आत काढायचा. प्रत्येक खरेदीची पावती मागायची, दुकानदार "कशाला हवी" म्हणाला तरी. आणि नोंदणी करायची. 2020 पासून उद्यम नोंदणी आहे. ज्यांच्याकडे जीएसटी वगैरे काही नाही अशा अगदी लहान धंद्यांसाठी 2023 पासून उद्यम असिस्ट म्हणून वेगळी सोय आहे. त्याचं प्रमाणपत्र मिळतं. उद्या कुणी "कुठली नोंदणी?" विचारलं तर दाखवायला कागद असतो.

विम्याचंही विचारा. भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाचा लहान धंद्यांचा विमा एप्रिल 2021 पासून आला आहे आणि त्यात पूर धरलेला आहे. बँकेनं मालावर कर्ज दिलं असेल तर विमा काढलाय का, कुठल्या पत्त्यावर काढलाय, हे साहेबांना स्पष्ट विचारायचं. पूर आलाच तर कर्जाचे हप्ते पुढं ढकलायचा, पुनर्गठनाचा अर्ज बँकेत लगेच लेखी द्यायचा. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

हे सगळं करून मदत मिळेलच, अशी खात्री मी देत नाही. ओळ अजून आखलेली नाही. पण इतिहास बघितला तर प्रत्येक ओळ कुणीतरी मागितल्यावरच आली आहे, आणि मागणाऱ्याच्या हातात नोंद होती. म्हणून येत्या ग्रामसभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. पुराच्या पंचनाम्यात "घरातून चालणारा व्यवसाय" असा वेगळा रकाना असावा आणि त्यासाठी बचत गटाची नोंद पुरावा म्हणून धरावी, एवढीच मागणी आहे. तुमच्या गावातल्या गटांनीही हाच ठराव घ्यावा आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्यावी. पोच घ्यायला विसरू नका.

काकी यंदाही मसाला करतायत. गिरणी आता माळ्यावर आहे आणि वही माझ्या घरी, पत्र्याच्या पेटीत. काल रात्री पाऊस वाढला तेव्हा काकींचा फोन आला. मला वाटलं पाणी आलं. तर म्हणाल्या, "अगं, या महिन्याचं लिहिलंस का?"

लिहिलंय, काकी. तुम्हीही लिहा, मैत्रिणींनो. पुन्हा भेटू. नमस्कार.